मा. सा. कन्नमवार यांचे पूर्वायुष्य व व्यावसायिक पार्श्वभूमी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्र राज्याचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव सांबशिव उपाख्य दादासाहेब कन्नमवार यांचा जन्म १० जानेवारी १९०० रोजी झाला. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि २० नोव्हेंबर १९६२ रोजी कन्नमवारांनी मुख्यमंत्रिपदाची सूत्रे स्वीकारली. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. एक वर्ष आणि चार दिवस एवढाच हा कालखंड. विदर्भातून या पदावर पोहोचलेले ते पहिले नेते होत. चंद्रपूर जिल्ह्यात त्यांच्या नावाच्या संस्था आहेत, मुंबईत विक्रोळीस कन्नमवार नगर आहे आणि दरवर्षी १० जानेवारीस आपल्या शाळा-महाविद्यालयांतून त्यांच्यावर भाषणे होतात. या सर्व भाषणांत एक वाक्य हमखास असते : पेपर विकणारा मुलगा मुख्यमंत्री झाला.

हे वाक्य खरे आहे. मात्र ते उच्चारताना वक्त्याचा सर्व भर 'मुख्यमंत्री' या शब्दावर असतो. 'पेपर विकणारा' हा भाग केवळ गरिबीची खूण म्हणून येतो आणि लगेच मागे पडतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमानंतर बी. ए. भाग दोनच्या एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले, "सर, पण त्या काळी चांद्यात पेपर घेत कोण होते?" प्रश्न साधा होता, त्याचे उत्तर त्या दिवशी देता आले नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. ज्या जिल्ह्यात अक्षरओळख असणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी, तेथे वृत्तपत्र विकणे हा व्यवसाय होऊ शकतो का, झाला तर कोणाच्या आधाराने, आणि त्यातून विकणाऱ्यास पैशांखेरीज काय मिळते, हे प्रश्न त्या एका प्रश्नातून निघाले. प्रस्तुत निबंध त्यांच्या शोधातून सिद्ध झाला आहे.

राजकीय नेत्याचा पूर्वीचा व्यवसाय हा त्याच्या चरित्रातील सजावटीचा तपशील नसतो. त्याच्या ओळखी कोणाशी होतात, त्याच्यावर कोणाचे ऋण राहते, कोणाच्या दारात त्याला जाता येते आणि कोणत्या दारात थांबावे लागते, हे त्या व्यवसायातून ठरत असते. या दृष्टीने कन्नमवारांच्या पूर्वायुष्याकडे पाहिले असता, तो व्यवसाय हीच त्यांची राजकीय शिदोरी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुष्काळातील चांदा

१० जानेवारी १९०० ही तारीख चांदा जिल्ह्याच्या इतिहासात सहजासहजी वाचून पुढे जाण्यासारखी नाही. संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे 'छप्पनचा दुष्काळ' म्हणून ओळखला गेलेला १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ तेव्हा ऐन भरात होता. त्यापूर्वी अवघ्या तीन वर्षांनी, १८९६-९७ मध्ये, पहिला तडाखा बसून गेला होता. १८९१ ते १९०१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १५ टक्क्यांनी घटली आणि १९०१ च्या जनगणनेत ती ६,०१,५३३ इतकी नोंदली गेली. दहा हजार चौरस मैलांहून अधिक क्षेत्रफळाच्या जिल्ह्यात सहा लाख माणसे, म्हणजे चौरस मैलास साठच्या आसपास! बाकी सारे जंगल. हा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली असे दोन्ही जिल्हे. गडचिरोली स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला, आणि गडचिरोली तहसील हीदेखील १९०५ मध्ये ब्रह्मपुरी व चांदा तहसिलींतील जमीनदाऱ्यांचा भाग काढून बनविलेली होती.

खुद्द चांदा शहर तेव्हा १७,८०३ वस्तीचे होते. गोंड राजांनी बांधलेला सुमारे साडेपाच मैलांचा दगडी परकोट आणि त्याच्या आत बरीचशी मोकळी जागा, असे ते गाव. कोटाच्या आत मराठी, तेलुगू, गोंडी, हिंदी अशा चार भाषा कानांवर पडत. या जिल्ह्यात 'वार' या प्रत्ययाने संपणारी आडनावे विपुल आहेत. हा प्रत्यय तेलुगूतील आदरार्थी 'वारु' या शब्दाशी संबंधित असून वैनगंगा-प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून वर सरकत आलेल्या तेलुगूभाषी व्यापारी, कारागीर व सेवाव्यवसायी समूहांची ती खूण आहे. कन्नमवार हे आडनाव त्यांपैकीच. ते बेलदार समाजातील होते. बेलदारांचा परंपरागत व्यवसाय माती व दगडाच्या कामाचा. विहिरी, तळी, पाळी, कोट, रस्ते ही सारी कामे करणारा, कामाच्या मागे फिरणारा हा समाज. जिल्ह्यातील सत्तेच्या दोन्ही आधारांवर, म्हणजे गावाच्या मालगुजारीवर आणि शहरातील लेखणीवर, त्याचा वारसाहक्क नव्हता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कन्नमवारांना 'शेतकऱ्याचा मुलगा' म्हणून सादर करण्याचा मोह अलीकडील काही भाषणांतून दिसतो. महाराष्ट्राच्या राजकारणात ही ओळख प्रतिष्ठेची आहे हे खरे. परंतु त्यामुळे या माणसाच्या वाटचालीतील सर्वांत वेगळी गोष्टच पुसली जाते.

राजकीय भांडवलाचे प्रचलित मार्ग

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांदा जिल्ह्यात सार्वजनिक जीवनात पुढे यावयाचे तर मार्ग मोजके होते. पहिला मालगुजारीचा. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निवर्तले, नागपूर राज्य खालसा झाले. पुढे १८६० च्या दशकातील जमाबंदीत गावाचा वसूल भरणाऱ्यास मालकीहक्क मिळाला. मेजर ल्युसी स्मिथ यांचा १८६९ चा जमाबंदी अहवाल या व्यवस्थेचा आपल्या जिल्ह्यापुरता पायाभूत दस्तऐवज होय. मालगुजार हा केवळ वसूल करणारा नव्हता. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या धानाच्या पट्ट्यात गावाचा जीव तलावात असतो. आज ज्यांना आपण 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतो, त्या तलावांचे पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडायचे हा निर्णय ज्याच्या हाती, त्याच्या हाती गाव. कुळाला बियाणे तोच देणार, लग्नाला कर्ज तोच देणार, साहेबाच्या दौऱ्यात तंबूशेजारी खुर्ची त्यालाच मिळणार. १९१९ च्या व १९३५ च्या कायद्यांनुसार मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांच्याशी बांधलेला होता. त्यामुळे विधिमंडळाचा रस्ता बहुतांशी अशाच घरांवरून जात असे. १९५० च्या कायद्याने व ३१ मार्च १९५१ पासूनच्या अंमलबजावणीने मध्य प्रदेशातील ही मध्यस्थ मालकी संपली, तलाव शासनाकडे आले. गावातील शब्दाचा मान मात्र कायद्याने एका दिवसात संपत नसतो, हे आपण सर्वजण जाणतोच.

पूर्वेकडील जंगलपट्टीत मालगुजाराच्या जागी जमीनदार होते. अहेरीचे आत्राम घराणे हे त्यांतील सर्वांत मोठे. या घराण्यातील राजे विश्वेश्वरराव १९७७ मध्ये चंद्रपुरातून लोकसभेवर निवडून गेले, यावरून या प्रकारच्या भांडवलाचे आयुष्य किती दीर्घ असते हे दिसते.

दुसरा मार्ग जंगलाच्या ठेक्याचा. वनखात्याच्या लिलावात कूप घ्यायचा, मजुरांना आगाऊ रक्कम द्यायची, गाड्या लावायच्या, माल रेल्वेपर्यंत पोहोचवायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गोंदिया-नागभीड-चांदा ही अरुंदमापी रेल्वे आली, आणि ब्रह्मपुरीच्या धानाला, लाकडाला व पुढे तेंदूपत्त्याला बाजार सापडला. ठेकेदाराची ओळख रेंजरपासून ते दूर टोल्यावरच्या मजुरापर्यंत असते आणि या दोन्ही टोकांना त्याची गरज असते. अशा माणसास निवडणूक नवी वाटत नाही.

तिसरा मार्ग सनदेचा. नागपूर प्रांतातील राष्ट्रीय चळवळीची पहिली फळी पाहिली तर ती बॅरिस्टर मोरोपंत अभ्यंकर, यवतमाळचे वकील लोकनायक बापूजी अणे, डॉ. ना. भा. खरे अशा पदवीधरांची आहे. चांद्याचेच बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे (१९२५-१९८४) हे पुढील पिढीतील रिपब्लिकन नेतेही इंग्लंडमधील शिक्षण घेऊन परतले आणि राज्यसभेचे उपसभापती झाले. कन्नमवारांचे औपचारिक शिक्षण फार पुढे गेले नाही. त्यामुळे हाही मार्ग त्यांना बंद होता.

वर्ध्याची पेढी

कन्नमवारांचा व्यवसाय नीट समजण्यासाठी शेजारच्या जिल्ह्यातील एका अगदी विरुद्ध उदाहरणाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. जमनालाल बजाज यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात झाला. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी व सावकार शेठ बच्छराज यांनी त्यांना बालपणीच नातू म्हणून दत्तक घेतले. शाळा चार इयत्तांची. उरलेले शिक्षण पेढीवर. म्हणजे शालेय शिक्षणाच्या बाबतीत शेठजी आणि पेपर विकणारा यांच्यात फारसे अंतर नव्हते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. शेठजींच्या अल्पशिक्षणाची मात्र कोणी चेष्टा केल्याचे ऐकिवात नाही.

१९०७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, दागिने अंगावर घालण्यावरून बच्छराज रागावून बोलले, तेव्हा जमनालालांनी मुद्रांकित कागदावर संपत्तीवरील हक्क सोडल्याचे पत्र लिहून घर सोडले. समजूत घालून त्यांना परत आणण्यात आले. त्याच सुमारास बच्छराज वारले आणि पेढीची धुरा तरुण जमनालालांवर आली. पुढे सरकारने त्यांना रायबहादूर केले. असहकाराच्या काळात त्यांनी ती पदवी परत केली. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते आणि त्यानंतर दीर्घकाळ काँग्रेसचे कोषाध्यक्ष. असहकारात वकिली सोडणाऱ्या वकिलांच्या निर्वाहासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात त्यांना अटक झाली. १९ जुलै १९२८ रोजी त्यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले.

या चरित्रातील एक लहानसा प्रसंग प्रस्तुत विषयाशी थेट जोडलेला आहे. १९०७ मध्ये पंडित माधवराव सप्रे यांनी नागपुरातून 'हिंदी केसरी' सुरू केला, तेव्हा किशोरवयीन जमनालालांनी खाऊसाठी रोज मिळणारा रुपया साठवून शंभर रुपये त्या पत्रास दिले. राष्ट्रीय वृत्तपत्राशी एका भावी नेत्याचा हा पहिला संबंध : देणगीदाराचा. कन्नमवारांचाही राष्ट्रीय वृत्तपत्रांशी संबंध तरुण वयातच आला; पण तो अंक विकून त्यातील वाट्यावर पोट भरणाऱ्याचा. एकच वृत्तपत्रसृष्टी, आणि तिच्या दोन टोकांना उभे असलेले एकाच प्रांतिक काँग्रेसचे दोन कार्यकर्ते. जमनालालांच्या त्यागाची मोजदाद करता येते, कारण सोडण्यासाठी त्यांच्यापाशी पुष्कळ होते. वकिलांनाही वकिली सोडता येत होती. हातविक्रीवर जगणाऱ्या माणसाकडे परत करण्यासारखी पदवी नव्हती, सोडण्यासारखी सनद नव्हती. त्यामुळे असहकाराच्या इतिहासलेखनात, जेथे त्याग हाच नोंदीचा विषय आहे, तेथे अशा कार्यकर्त्यास पानच मिळत नाही. हा दोष त्या कार्यकर्त्याचा नव्हे, आपल्या नोंदवहीचा आहे.

उत्तरेकडे, गोंदियात, याच काळात व्यापारातून राजकारणाकडे जाणारी आणखी एक वाट आखली जात होती. १९०६ मध्ये गुजरातेत जन्मलेले मनोहरभाई पटेल अल्पशिक्षित अवस्थेत गोंदियास आले आणि विडी उद्योगात मोठे झाले. पुढे आमदार झाले आणि १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. विडी उद्योगाचा कच्चा माल म्हणजे आपल्या जंगलातील तेंदूचे पान. उन्हाळ्यात फळीवर पुडे मोजून घेणारा मुनशी, त्यामागे कंत्राटदार, त्यामागे कारखानदार, आणि दुसऱ्या बाजूस घरोघर विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया, अशी ही साखळी आहे. मनोहरभाईंचे शून्यातून उभे राहणे कन्नमवारांच्या जवळचे वाटते. परंतु त्यांनी उभारलेला व्यवसाय शेकडो कुटुंबांना रोजगार देणारा होता आणि रोजगार देणाऱ्याचे राजकारण वेगळ्या पायावर उभे राहते. पेपर विकणारा कोणालाही रोजगार देत नाही.

चांद्यात पेपर कोण घेत होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कन्नमवारांच्या तारुण्यात मराठी वृत्तपत्रसृष्टी प्रामुख्याने साप्ताहिकांची होती. पुण्याचा 'केसरी' १८८१ पासून चालू होता. नागपुरात गोपाळराव ओगले यांनी १९१४ मध्ये 'महाराष्ट्र' काढला. इंग्रजी 'हितवाद' १९११ मध्ये नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने सुरू केला होता. ही पत्रे मुख्यतः वर्गणीवर चालत. वर्षाची वर्गणी आगाऊ भरायची आणि अंक टपालाने यायचा. अशी वर्गणी भरणारा म्हणजे ज्याला कायमचा पत्ता आहे आणि एकरकमी पैसे देण्याची ऐपत आहे असा माणूस : वकील, शिक्षक, मालगुजार, पेढीवाला, क्वचित सरकारी नोकर. सरकारी नोकराने राष्ट्रीय पत्राची वर्गणी भरणे ही वरिष्ठांच्या डोळ्यांवर येणारी गोष्ट होती. १९१० च्या वृत्तपत्र कायद्याने छापखान्यांकडून जामीन मागण्याचे अधिकार सरकारला दिले होते, आणि संपादकावर नजर असेल तेथे वाचकालाही आपण नजरेत येऊ ही धास्ती असणारच.

हातविक्रीने हे गणित बदलते. सुटा अंक घेणाऱ्यास वर्षाचे पैसे लागत नाहीत, पत्ता लागत नाही, टपालखात्याच्या कागदावर नाव येत नाही. शिंपी, सोनार, पानठेल्यावाला, रेल्वेचा कामगार, कोळशाच्या खाणीतला कारकून असा नवा वाचक हातविक्रीमुळे शक्य होतो. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकापासून होती. ती बंद पडल्यानंतर बल्लारपूरच्या खाणीने जोर धरला. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत आलेली रेल्वे पुढे बल्लारपूरला पोहोचली आणि १९२९ मध्ये काझीपेठपर्यंतचा दुवा पूर्ण होऊन दिल्ली-मद्रास मार्ग या जिल्ह्यातून गेला. खाण आणि स्थानक यांनी पगारावर जगणारा, काही अक्षरे येणारा आणि बाहेरच्या जगाची उत्सुकता असणारा एक वर्ग चांद्याच्या आसपास निर्माण केला. शिवाय एक अंक एकच माणूस वाचत नसे. दुकानाच्या फळीवर तो मोठ्याने वाचला जाई आणि दहा जण ऐकत. पहिल्या महायुद्धाच्या काळात युद्धाच्या बातम्यांनी ही भूक वाढविली; त्यानंतर होमरूल, रौलट कायदा, जालियनवाला बाग, टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजीचे निधन आणि त्याच वर्षअखेरची नागपूर काँग्रेस अशी बातम्यांची रांगच लागली. कन्नमवार त्या वेळी वीस वर्षांचे होते.

या व्यवसायाचे अंतरंग पाहिले पाहिजे. वर्तमानपत्र हा नाशवंत माल आहे. धान ठेवला तर पुढच्या हंगामात भाव येतो, लाकूड ठेवले तर मुरते. कालचा पेपर मात्र रद्दी होतो. म्हणून विक्रेत्याला आज किती अंक खपतील याचा अंदाज आदल्या दिवशीच असावा लागतो, आणि तो अंदाज म्हणजे गावाच्या मनःस्थितीचा अंदाज असतो. खटला चालू असेल तर किती, सभा असेल तर किती, बाजाराच्या दिवशी किती. मालगुजार आपल्या कुळांचे पीक पाहून अंदाज बांधतो. पेपरवाला लोकांच्या कुतूहलावर अंदाज बांधतो. निवडणुकीच्या राजकारणात याहून उपयोगी पडणारी दुसरी कोणती सवय असेल, हे सांगणे कठीण आहे.

दुसरी गोष्ट उधारीची. या व्यवसायात गुंतवणूक लहान आणि उधारी मोठी असते. महिनाअखेर दारोदार जाऊन वसुली करावी लागते. एरवी कारागीर समाजातील तरुणास वकिलाच्या ओसरीवर, पेढीच्या गादीजवळ किंवा शिक्षकाच्या घरात जाण्यास काही निमित्त नव्हते. पेपरने ते दिले. तो रोज जाई, त्याचे नाव माहीत होई, दोन शब्द बोलले जात. उंबरठ्यावरचा हा प्रवेश अर्थातच मर्यादित होता आणि तो बरोबरीचा नव्हता. तथापि शहराच्या सर्व थरांत एकाच दिवशी वावरणारी माणसे फार थोडी असतात, आणि त्यांत पेपरवाला असतो. तिसरी गोष्ट म्हणजे तो स्वतः वाचतो. विक्रीच्या गठ्ठ्यातील अंक वाचून झालेले शिक्षण हे शाळेच्या शिक्षणाची जागा घेत नाही. ते राजकारणाचे मात्र उत्तम शिक्षण आहे, कारण त्यात परस्परविरोधी पत्रे एकाच गठ्ठ्यात येतात.

काँग्रेसची १९२० नंतरची रचना भाषावार प्रांतिक समित्या, त्याखाली जिल्हा, तालुका व गाव समित्या अशी होती. चार आण्याचा सभासद नोंदवायचा, पावती फाडायची, पत्रके वाटायची, सभेची दवंडी द्यायची, वर्गणी गोळा करून हिशेब द्यायचा, ही या रचनेतील प्रत्यक्ष कामे. वृत्तपत्र विक्रेत्याच्या दिनक्रमाशी ती शब्दशः जुळतात : ठरलेला फेरा, ठरलेली घरे, लहान रकमा, चोख हिशेब. कन्नमवार काँग्रेसच्या कामात शिरले तेव्हा त्यांना नवे काम शिकावे लागले नाही. तोच फेरा वेगळ्या मालासह चालू राहिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांना लाभलेली 'कर्मवीर' ही उपाधीही वक्तृत्वाची वा विद्वत्तेची नव्हे, कामाची आहे.

येथे एक मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. पेपरचे जाळे शहर, बाजारपेठ व रेल्वे यांच्यापुरते होते. चिमूर-ब्रह्मपुरीच्या धानपट्ट्यातील कुळे, वैनगंगेपलीकडचे गोंड व माडिया यांच्यापर्यंत ते पोहोचत नव्हते. या लोकांचा सरकारशी संबंध येत होता तो जंगलाच्या प्रश्नावर. १९३० च्या जंगल सत्याग्रहाने तो राष्ट्रीय चळवळीशी जोडला गेला. पुढे १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरला जो उद्रेक झाला, त्यामागे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती, छापील शब्दाची नव्हे. खंजिरीवरचे भजन जेथे पोहोचले तेथे पेपर पोहोचला नव्हता. म्हणून कन्नमवारांच्या नेतृत्वाचा उगम केवळ वृत्तपत्र विक्रीत शोधणे हे अर्धसत्य ठरेल. त्या व्यवसायाने त्यांना शहर दिले. गावासाठी त्यांना काँग्रेस संघटनेवर आणि, हेही मान्य केले पाहिजे, त्या संघटनेत असलेल्या जुन्या मालगुजार घराण्यांवर विसंबावे लागले.

व्यवसायाचे मोल कधी वाढले?

मालमत्तेशी बांधलेला मताधिकार असेपर्यंत या प्रकारच्या भांडवलाला फारसा भाव नव्हता. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक प्रौढ मताधिकारावर झाली आणि त्याच वर्षी मालगुजारीही गेली. या दोन घटना एकाच वेळी घडल्या, हे आपल्या जिल्ह्याच्या राजकीय इतिहासातील एक महत्त्वाचे वळण असून त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. ज्याच्यापाशी जमीन नव्हती पण माणसे होती, अशा कार्यकर्त्यास या वळणावर संधी मिळाली. कन्नमवार मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळात आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० नंतर महाराष्ट्रात मंत्री राहिले. महाराष्ट्राच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे इमारती व दळणवळण हे खाते होते. बेलदार समाजात जन्मलेल्या मंत्र्याकडे रस्ते आणि इमारती यावेत, हा योगायोगच. परंतु खडी कशी फोडली जाते हे ज्याच्या समाजाला माहीत आहे असा मंत्री त्या खात्यास वारंवार मिळाला असेल असे वाटत नाही.

मुख्यमंत्री झाल्यावर मुंबईच्या पत्रसृष्टीतील काहींनी त्यांच्या शिक्षणाची आणि बोलण्याची थट्टा केली. ज्यांनी एकेकाळी पेपर विकून पोट भरले, त्यांची पेपरातूनच ही थट्टा व्हावी! थट्टा करणारे आणि १० जानेवारीस गौरव करणारे, दोघेही 'पेपर विकणारा' या शब्दांत एकच गोष्ट पाहतात : उणीव. एकाला ती हसण्याजोगी वाटते, दुसऱ्याला ती ओलांडल्याचे कौतुक वाटते. तो एक कसब लागणारा व्यवसाय होता, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. भंडारा व भद्रावती येथील आयुध निर्माणींचे श्रेय आपल्याकडे कन्नमवारांना दिले जाते. युद्धकालीन वर्षभराच्या कारकिर्दीत त्यांनी काय साधले याचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करता येईल. मात्र ते करताना त्यांच्या पूर्वायुष्याला दयेच्या कोपऱ्यात बसविण्याचे कारण नाही.

साधनांविषयी एक शेवटचा मुद्दा. पेढीचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे असते, कारण पेढी वह्या जपते. जमनालालांचा पत्रव्यवहार संपादित होऊन ग्रंथरूपात उपलब्ध आहे. मालगुजारीचा इतिहास जमाबंदीच्या कागदांत, ठेकेदारीचा वनखात्याच्या दप्तरात सापडतो. वृत्तपत्र विक्रेत्याची उधारीची वही महिना संपला की पुसली जाते किंवा उरलेल्या अंकांबरोबर रद्दीत जाते. म्हणून या व्यवसायाचा माग काढताना अन्य ठिकाणी पाहावे लागते : जुन्या सार्वजनिक वाचनालयांची आवक-नोंद, शाळांचे खर्चपत्रक, रेल्वेच्या पार्सल कचेरीची पुस्तके, वृत्तपत्रांवर नजर ठेवणाऱ्या पोलिसांचे साप्ताहिक अहवाल. ब्रह्मपुरी, वरोरा, मूल, नागभीड येथील जुन्या वाचनालयांत अशी पुस्तके माळ्यावर पडून असण्याची शक्यता आहे. आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी जयंतीच्या भाषणांऐवजी ही पुस्तके उतरवून पाहण्याचे काम देण्याचा विचार आहे; वाळवीच्या आधी पोहोचण्याची घाई मात्र करावी लागेल.